साखळी आवळून भीती जात नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांबद्दल सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, अकरा दिवसांत त्यात बदलही झाला, आणि तेव्हापासून आपल्याकडे कुत्रा या विषयावर दोनच बाजू उरल्या आहेत. एक म्हणते सगळी उचला, दुसरी म्हणते हात लावून बघा. या हाणामारीत एक गट मधल्यामध्ये चेंगरतोय आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. घरात पाळलेली, लस टोचलेली, पट्ट्यावर फिरणारी, पण दुसरं कुत्रं किंवा हेल्मेट घातलेला माणूस दिसला की जिवाच्या आकांताने भुंकणारी कुत्री. जाणकार त्यांना ‘रिॲक्टिव्ह’ म्हणतात. आपल्या सोसायट्यांमध्ये त्यांना ‘माजलेली’ म्हणतात.

माजलेली नसतात हो. बहुतेक वेळा घाबरलेली असतात. आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. कारण माज उतरवायचा म्हणून आपण जे जे करतो, त्या सगळ्याने भीती वाढते.

आमच्याकडे चिंगी आहे. गावठी, तांबूस, चौदा किलोची. सिंहगड रोडला एका बांधकामाच्या साईटवर वाढलेली. साधारण आठ महिन्यांची असताना घरी आणली. बुजरी आहे हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि ते मान्य करूनच आणली. घरात ती इतकी गरीब की बाहेरून कोणी आलं की कपाटामागे जाते. पण पट्टा लावून खाली नेली आणि वीस पावलांवर दुसरं कुत्रं दिसलं की मागच्या दोन पायांवर उभी राहून असा काही गोंधळ घालायची, की बघणाऱ्याला वाटावं आता फाडून खाणार. बघणाऱ्याची चूक नाही. दिसतं तसंच. पण शेपूट बघा, पोटाखाली असते. कान मागे पडलेले असतात. ती सांगत असते, ‘लांब जा, लांब जा.’ पट्ट्यामुळे तिला स्वतःला लांब जाता येत नाही, म्हणून ती समोरच्याला घालवायला बघते. आणि समोरचा जातोच, कारण तो त्याच्या वाटेने चाललेला असतो. तिला वाटतं, भुंकले म्हणून गेला. पुढच्या वेळी आणखी जोरात.

ही भीती येते कुठून? कधी रक्तातून, कधी एखाद्या हल्ल्यातून. पण शहरातल्या कुत्र्यांमध्ये मोठं कारण म्हणजे पिल्लूपण. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन संशोधकांनी कित्येक वर्षं पिल्लांवर काम करून १९६५ मध्ये पुस्तक लिहिलं. तेव्हापासून हे माहीत आहे की साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या डोक्याचं दार सताड उघडं असतं. या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते ‘आपलं’. जे नाही दिसलं त्याची पुढे धास्ती. आता आपल्याकडे काय होतं बघा. विकायचं पिल्लू आठ आठवडे पिंजऱ्यात. कायद्याने त्याआधी विकता येत नाही आणि ते बरोबरच आहे. मग घरी आल्यावर लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार महिन्यांचं होईपर्यंत, फ्लॅटच्या बाहेर काढायचं नाही. पार्व्होची भीती खरी आहे, डॉक्टर उगीच सांगत नाहीत. पण जमिनीवर ठेवू नका याचा अर्थ जग दाखवू नका असा होत नाही. कडेवर घेऊन चौकात दहा मिनिटं उभं राहता येतं. भाजीवाल्याचा आवाज, रिक्षा, छत्री, काठी टेकत चाललेले आजोबा हे सगळं कडेवरून दिसतं. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की लसी पूर्ण व्हायची वाट न पाहता, काळजी घेऊन, ही ओळख सुरू करा. आपल्याकडे मात्र ते दार बंद झाल्यावर कुत्रं पहिल्यांदा रस्ता बघतं, आणि मग आपण ट्रेनर शोधतो.

तर ट्रेनर. चिंगीसाठी एकाला बोलावलं होतं. नाव सांगत नाही, कारण प्रश्न त्या एका माणसाचा नाही. ‘पंधरा दिवसांत गॅरंटी,’ म्हणाला, आणि पिशवीतून आतल्या बाजूने काटे असलेला लोखंडी गळपट्टा काढला. मी चहा दिला आणि दारापर्यंत सोडून आले. सोसायटीतल्या दोन-तीन जणांना हे अजून पटलेलं नाही. ‘एकदा झटका दिला की कळतं त्यांना,’ असं मला पार्किंगमध्ये ऐकवलं जातं.

काय कळतं, ते सांगते. समोर कुत्रं दिसलं, चिंगी ताठरली, आणि त्याच क्षणी मानेत कळ गेली. तिच्या डोक्यात कोणती जोडी बसेल? ‘भुंकायचं नसतं’ ही? की ‘कुत्रं दिसलं की मान दुखते’ ही? ती आधीच कुत्र्याला घाबरत होती. आता तिच्याकडे घाबरायला पुरावा आहे. काही कुत्री अशा वागणुकीने गप्प होतात, आणि मालक खूश होतात. मला त्या गप्प कुत्र्यांची जास्त भीती वाटते. आपल्याकडे म्हणतात ना, भुंकणारं कुत्रं चावत नाही? साफ खोटं. भुंकणारं कुत्रं चावू शकतं, फक्त ते आधी सांगतं. गुरगुरणं, ओठ चाटणं, जांभई देणं, तोंड फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं या सगळ्या पायऱ्या आहेत. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पायऱ्या गाळायला शिकतं. मग लोक म्हणतात, ‘काही न करता अचानक चावलं.’

पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झटके आणि धाक वापरणाऱ्या वर्गांमधल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं आणि लाळेतलं ताणाचं संप्रेरक, दोन्ही जास्त सापडली. वेल्समध्ये विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. आणि आपल्याकडे? कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे नियम आहेत, पेट शॉपसाठी २०१८ चे आहेत. कुत्रा शिकवणाऱ्या माणसाला कसलाही परवाना लागत नाही. उद्या सकाळी मी किंवा तुम्ही कार्ड छापून सुरू करू शकतो. आणि मारहाण झालीच तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. वडापाव घ्यायला गेलात तर यापेक्षा जास्त खर्च होईल.

मग करायचं काय? आम्ही जे करतोय ते सांगते. यात जादू नाही, भरपूर कंटाळा आहे.

सगळ्यात आधी डॉक्टर. कान, दात, कंबर यात कुठे दुखणं असेल तर कुत्रं चिडचिडं होतं आणि मग कितीही शिकवा, उपयोग नाही. काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की औषधही लागतं. त्यात कमीपणा काही नाही.

मग अंतर. हा या सगळ्या विषयाचा कणा आहे. प्रत्येक भित्र्या कुत्र्याचं एक अंतर असतं. त्याच्या पलीकडे समोरचं कुत्रं दिसलं तर ते नुसतं बघतं. त्याच्या अलीकडे आलं की भडकतं. चिंगीचं सुरुवातीला साधारण तीस पावलं होतं. भडकलेल्या अवस्थेत कुत्रं काहीही शिकत नाही, तोंडात मटण कोंबलं तरी थुंकून टाकेल. म्हणून आम्ही चाळीस पावलांवर उभं राहायला लागलो. दुसरं कुत्रं दिसलं, तिची नजर गेली, की लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. परत बघितलं, परत तुकडा. कुत्रं वळणाआड गेलं की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा: आधी कुत्रं दिसायला पाहिजे, मग चिकन. उलटं केलंत तर पिशवीचा आवाज हीच धोक्याची घंटा होऊन बसते. पावलोव्हचीच गोष्ट आहे ही, फक्त घंटीच्या जागी पलीकडच्या बिल्डिंगमधला लॅब्रॅडॉर आहे. बिस्किटावर भागत नाही. ज्याच्यासाठी जीव टाकते असंच काहीतरी हवं आणि ते फक्त याच कामासाठी. चिकन चालत नसलेल्या घरात पनीर चालतं, उकडलेलं अंडंही.

पाच-सहा आठवड्यांनी एक दिवस चिंगीने लांबचं कुत्रं बघितलं आणि आपणहून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ‘आलंय बघ ते. आण इकडे.’ ती मान वळणं हीच खरी कमाई. बसायला सांगणं, पंजा देणं वगैरे नंतर. त्यानंतर अंतर कमी करायचं, एकेक पाऊल, आणि वाईट दिवशी पुन्हा वाढवायचं. रात्री शेजारी लग्नाचा बँड वाजला असेल तर सकाळी ती जास्त कातावलेली असते. ताण साठत जातो. त्या दिवशी शिकवणी बंद. घरातच चटईखाली खाऊ लपवायचा, हुंगत हुंगत शोधू दे. हुंगण्याने कुत्रं शांत होतं, चालण्यापेक्षाही जास्त.

आणखी एक. घरातल्या घरात, काही नसताना, ‘चल’ म्हटलं की गर्रकन मागे वळायची सवय लावली. बाहेर अचानक कोणी समोर आलं की हा शब्दच वाचवतो. पट्टा ओढू नका. ओढलेला पट्टा म्हणजे तुमच्या हातातली धास्ती थेट तिच्या अंगात. गळ्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस बरा. आणि ‘कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच’ असं म्हणणाऱ्यांसाठी: आज, चौदा महिन्यांनी, आम्ही आठ पावलांपर्यंत आलोय. शून्य होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. आपल्यातल्या किती जणांना अनोळखी माणसाने गळ्यात पडलेलं चालतं?

आता मुद्द्यावर येते, कारण ही पोस्ट फक्त कुत्रेवाल्यांसाठी नाही. या सगळ्यात लागतं अंतर, आणि अंतर ही एकट्याच्या मालकीची गोष्ट नाही. आमच्या रस्त्याचा फुटपाथ दोन माणसं शेजारून जाणार नाहीत एवढा, त्यातही अर्ध्यावर टपरी आणि अर्ध्यावर दुचाक्या. गेटसमोरच भटक्यांना खाऊ घालतात, त्यामुळे बाहेर पडताच सहा कुत्री समोर. २०२३ च्या नियमांप्रमाणे खाऊ घालायची जागा प्रवेशद्वारापासून, जिन्यापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून लांब ठरवायची जबाबदारी सोसायटीची आहे. आमच्याकडे ती ठरवलेली नाही. ठरवा म्हटलं की भांडण होतं, म्हणून कोणी काढत नाही. त्याऐवजी सोपा प्रस्ताव आलाय: ‘भुंकणाऱ्या कुत्र्यांना लिफ्ट बंद.’

ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. तो कागद माझ्याकडे आहे, पण तो तोंडावर फेकून मला जिंकायचं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. लिफ्टचं दार उघडल्यावर आत चिंगी भुंकली आणि त्या दचकून पडल्या, तर तो कागद काय कामाचा? त्यांची भीतीही भीतीच आहे. शिवाय प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, हे प्रत्येक कुत्रेवाल्याने पाठ करावं. लस, महापालिकेचा परवाना, पट्टा, उचललेली घाण, यात सूट मागायचा आपल्याला हक्क नाही. ‘माझा काही करत नाही हो’ म्हणत पट्टा सोडून देणाऱ्यांनी तर आमच्यासारख्यांचं महिन्यांचं काम एका मिनिटात मातीत घातलंय. तुमचा काही करत नसेल. पण समोरची घाबरते ना.

चिंगीला लिफ्टमध्ये जाळीदार मुसकं घालते. कोणी सक्ती केली म्हणून नाही. त्यातून तिला तोंड उघडून धापता येतं, पाणी पिता येतं, आणि आत चिकन सरकवून सरकवून तिला ते आवडायला लावलंय. लिफ्टमध्ये कोणी असेल तर आम्ही थांबतो, पुढच्या फेरीला जातो. बदल्यात मला शेजाऱ्यांकडून फार थोडं हवंय. ती दिसली तर टक लावून बघू नका, चुचकारू नका, हात पुढे करू नका. तुम्ही तिच्याकडे दुर्लक्ष केलंत तर तिच्यासाठी तोच सगळ्यात मोठा खाऊ आहे. मुलांना सांगा, पळत अंगावरून जाऊ नका. आणि तुमच्या हातात कुत्रं असेल तर ‘हाय’ करायला आणू नका.

सोसायटीच्या मीटिंगसाठी मी तीन गोष्टी लिहून दिल्यात. खाऊ घालायची जागा मागच्या कंपाउंडजवळ हलवायची आणि तिथल्या उरलेल्या कुत्र्यांची नसबंदी महापालिकेकडून करून घ्यायची. सर्व्हिस लिफ्ट सकाळी सहा ते सात आणि रात्री दहानंतर कुत्रेवाल्यांनी आधी वापरायची, बाकी वेळी आधी माणसं. आणि सोसायटीत कोणीही ट्रेनर आणला तरी काट्यांचे आणि झटक्याचे पट्टे आवारात चालणार नाहीत. पहिल्या दोन गोष्टींवर सेक्रेटरी ‘बघू’ म्हणालेत. तिसरीवर विरोध आहे. मीटिंग रविवारी सकाळी साडेदहाला, क्लबहाऊसमध्ये. ज्यांच्या घरी कुत्रं नाही त्यांनी मुद्दाम यावं, आजींना खाली आणायला मी स्वतः जाणार आहे.