दारापासून पलंगापर्यंत

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले की आणखी दोन माणसांची ये-जा सुरू होते. सकाळी आठ ते रात्री आठ एक मावशी, रात्री आठ ते सकाळी आठ दुसऱ्या. त्यांच्या पगाराचा हिशेब हा खरे तर डॉक्टरचा विषय नव्हे. तरीही दवाखान्यात तो निघतोच. अलीकडे अनेक कुटुंबे विचारतात, "आम्ही मावशींना पावणेआठला यायला सांगितले, तर त्या पंधरा मिनिटांचे जादा पैसे मागतात. ड्युटी तर आठला सुरू होते. मग द्यायचे का?"

द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माणुसकीचे कारण त्यात आहेच, पण मी वैद्यकीय कारणासाठी हे सांगतो.

त्या पंधरा मिनिटांत काय होते ते पाहावे. लोकलच्या गर्दीतून आलेली बाई आधी साबणाने हात धुते, कपडे बदलते. ऐंशी वर्षांच्या, छातीने अशक्त माणसाजवळ बाहेरच्या कपड्यांनी जाऊ नये, हे आपणच तिला सांगितलेले असते. मग दोघी मावशी पलंगाशी उभ्या राहून बोलतात. परिचारिका याला 'ओव्हर देणे' म्हणतात. आजोबांनी दुपारी किती खाल्ले, लघवी किती वेळा झाली, शेवटची कूस कधी बदलली, माकडहाडापाशी कातडी लाल दिसते का, कोणती गोळी द्यायची राहिली. यातले काही कागदावर येते, काही प्रत्यक्ष दाखवावे लागते. कातडीवरची लाली फोनवरून सांगता येत नाही.

हे बोलणे झाले नाही तर काय होते, याचे एक उदाहरण माझ्या रुग्णांतलेच आहे. एका आजींना रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन असे. दिवसाच्या मावशींनी पावणेआठला इंजेक्शन दिले आणि आठची बस गाठायला त्या निघाल्या. रात्रीच्या मावशी सव्वाआठला आल्या आणि औषधांच्या कागदाप्रमाणे त्यांनीही तेच इंजेक्शन दिले. अकराच्या सुमारास आजींना दरदरून घाम फुटला, त्या असंबद्ध बोलू लागल्या. मुलाने ग्लुकोमीटर लावला, साखर 48 निघाली. त्या शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून साखरेचे पाणी पाजता आले आणि पुढचे संकट टळले. (रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे.) कुटुंबाने दोघींनाही दोष दिला. दोघींनी आपापल्या परीने काम केले होते. त्यांची एकमेकींशी गाठ पडण्याची वेळच कोणी ठेवली नव्हती.

कामगार प्रत्यक्ष कामाच्या जागी पोहोचण्यापूर्वीचा वेळ कोणाचा, हा वाद जुना आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातील कामगारांनी तो न्यायालयात नेला. हजेरी लावून आपल्या बाकापर्यंत चालत जाणे, अ‍ॅप्रन चढवणे, खिडक्या उघडणे, या सगळ्याची मजुरी त्यांना हवी होती. 1946 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू मोठ्या प्रमाणात उचलून धरली. पुढच्याच वर्षी कायदा बदलून संसदेने हा हक्क पुष्कळसा काढून घेतला. तरीही 1956 मध्ये टेनेसीतील बॅटरी कारखान्याच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, शिसे आणि गंधकाम्ल हाताळणाऱ्यांचे कपडे बदलणे व अंघोळ करणे हा त्यांच्या कामाचाच अविभाज्य भाग आहे आणि त्याचे वेतन द्यावे लागेल. उलट 2014 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या गोदामांतून बाहेर पडताना होणाऱ्या झडतीचा वेळ मात्र कामाचा मानला गेला नाही.

त्या देशाचे कायदे आपल्याला लागू नाहीत. पण बॅटरी कारखान्याची कसोटी मला डॉक्टर म्हणून पटते: ते केल्याविना मुख्य काम सुरक्षितपणे होऊ शकते का? धुतलेले हात आणि 'ओव्हर' यांच्याविना शुश्रूषा सुरक्षित होत नाही. तेव्हा मावशींचे काम पलंगाशी सुरू न होता दारातच सुरू होते.

आणि दारापर्यंतचा प्रवास? आसनगावहून किंवा टिटवाळ्याहून दादरला यायचे तर बाई साडेपाचलाच घर सोडते. तासांच्या हिशेबाने या वेळेचे पैसे देणे मला व्यवहार्य वाटत नाही. तसे ठरले तर कुटुंबे जवळ राहणारीलाच ठेवतील आणि लांबून येणारीचे काम जाईल. मात्र रिक्षा-रेल्वेचे भाडे द्यावे, आणि पावसात गाडी अडकली म्हणून अर्ध्या दिवसाचा पगार कापू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये, महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचा 2003 साली पहाटेच्या पाळीला जाताना झालेला अपघाती मृत्यू कामाच्या ओघातील मानला. तो प्रश्न भरपाईचा होता, वेतनाचा नव्हे. तरी प्रवास आणि काम यांच्यातील रेघ वाटते तितकी ठळक नसते, एवढे त्यातून दिसते.

याची दुसरी बाजू सहसा कोणी बोलत नाही. रात्रीच्या मावशी उशिरा आल्या की दिवसाच्या मावशी रुग्णाला एकटे टाकून जाऊ शकत नाहीत. कारखान्यात ठरलेल्या तासांपेक्षा जादा कामाला कायद्यानुसार दुप्पट दर आहे. घराला तो कायदा लागू नाही, म्हणून बारा तास उभ्या असलेल्या बाईचा तेरावा तास फुकट ठरत नाही. दमलेल्या हातांनी रुग्णाला पलंगावरून उचलताना दोघेही पडू शकतात.

आता खर्च. समजा, बारा तासांचे 900 रुपये ठरले आहेत. म्हणजे तासाला 75, पंधरा मिनिटांचे पावणेएकोणीस रुपये. दोघी मावशी मिळून महिन्याला 1125 रुपये. ब्युरोमार्फत मावशी आल्या असतील, तर ही रक्कम बाईच्या हाती पडते का, हे ब्युरोला विचारून घ्यावे.

उशाशी एक दोनशे पानी वही ठेवावी. आल्याची वेळ, 'ओव्हर' घेतल्याची वेळ, दिलेली औषधे आणि गेल्याची वेळ, एवढे रकाने पुरेत. इन्सुलिनचा रकाना वेगळा, लाल शाईने. मावशींना लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगावे आणि घरच्यांनी लिहावे. महिनाअखेरीस पगाराचा हिशेब याच वहीतून करावा, आणि मला भेटायला येताना ती सोबत आणावी.