रीबूट मारण्याआधी बूट तरी करा!

ऑफिसातलं मशीन हँग झालं की आयटीवाला एकच मंत्र सांगतो, 'एकदा रीस्टार्ट करून बघा ना.' हसू नका, निम्म्या वेळा मशीन खरंच सुरू होतं! हॉलिवुडच्या स्टुडिओवाल्यांनी हा मंत्र कधीच पाठ केलाय. जुनी सायन्स फिक्शन सिरीज दमली, हिरो म्हातारा झाला, इफेक्ट्स बघून कॉलेजची पोरं खिदळायला लागली, की मारा रीस्टार्ट. त्याचं भारदस्त नाव 'रीबूट'. सीक्वेल गोष्ट पुढे नेतो, रिमेक तीच गोष्ट पुन्हा सांगतो आणि रीबूट पाटी पुसून पहिल्यापासून सुरुवात करतो. नाव तेवढं जुनंच ठेवायचं, कारण गिऱ्हाईक नावाला असतं.

पण काही रीबूट पळतात, काही जागेवरच आपटतात. असं का होतं? 'प्लॅनेट ऑफ द एप्स' घ्या. फ्रेंच लेखक पिएर बूल याची कादंबरी १९६३ची, पहिला सिनेमा १९६८चा. माकडांच्या राज्यात अडकलेला चार्ल्टन हेस्टन शेवटी समुद्रकिनाऱ्यावर येतो आणि समोर वाळूत रुतलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो. म्हणजे हा परका ग्रह नाहीच, ही आपलीच पृथ्वी! (सिनेमा १९६८चा आहे बॉस, शेवट फोडला म्हणून ओरडायचं नाही.) तो काळ अणुबाँबच्या भीतीचा होता. थिएटरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण ती भीती खिशात घेऊनच आत आलेला होता.

२००१मध्ये टिम बर्टनने तीच गोष्ट नव्याने केली. मेकअप जबरदस्त, गल्लाही बरा जमला, पण सिरीज पुढे सरकलीच नाही. कारण सिनेमात माकडं होती, भीती नव्हती. मग आला २०११चा 'राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स'. इथे अणुबाँब नाही, प्रयोगशाळा आहे. अल्झायमरवर औषध शोधता शोधता माकडं हुशार होतात आणि त्याच संशोधनातून निघालेला विषाणू माणसाच्या मुळावर उठतो. अँडी सर्किसने चेहऱ्यावर सेन्सर लावून साकारलेला सीझर बघताना आपण चक्क माकडाच्या बाजूने होतो. २०१४, २०१७, २०२४... गाडी सुसाट. हिशोब सोपा आहे. जुन्या सांगाड्यात आजची भीती भरली की रीबूट जिवंत होतो. नुसता मेकअप भरला की होतं फक्त स्नेहसंमेलन.

जपानी लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळलंय. गॉडझिला १९५४मध्ये समुद्रातून वर आला तेव्हा हिरोशिमा-नागासाकीला जेमतेम नऊ वर्षं झाली होती. २०११मध्ये त्सुनामी आणि फुकुशिमाचा अणुअपघात झाला आणि २०१६च्या 'शिन गॉडझिला'त तोच राक्षस मीटिंगवर मीटिंग घेणाऱ्या सरकारी बाबूंच्या डोक्यावर येऊन उभा राहिला. आपल्यापैकी ज्यांचा दिवस कॉन्फरन्स रूममध्येच जातो, त्यांनी तो जरूर बघावा. २०२३चा 'गॉडझिला मायनस वन' युद्धात सगळं गमावलेल्या जपानात घडतो. त्याने व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही नेलं. राक्षस एकच, पण दर पिढीला तो नव्याने घाबरवतो.

मग आपल्या मराठीत काय? आपणही रीस्टार्टचं बटण दाबलंय बरं का! १९९३चा 'झपाटलेला' २०१३मध्ये 'झपाटलेला २' होऊन थ्रीडीत आला. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७मध्ये पडद्यावर आला आणि तो मात्र मस्त जमला. फुरसुंगीचा बन्या अमेय वाघच्या रूपात मोठा झाला आणि मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्यामागे लागला. पुस्तकातलं पोरगं सायकलवर चोर पकडायचं, पण आजच्या पोरांची झोप उडवते ती एंट्रन्स एक्झाम. भीती बदलली, 'ट्टॉक' तेच राहिलं. रीबूटचा धडा म्हणतात तो हाच. (या सगळ्या सिनेमांत दिलीप प्रभावळकर आहेत. २००९च्या 'स्टार ट्रेक' रीबूटमध्ये म्हाताऱ्या स्पॉकच्या रूपात लिओनार्ड निमॉयने आशीर्वाद दिला होता, तसे आपल्याकडे प्रभावळकर.)

पण तात्या विंचू पडला मंत्रतंत्रवाला आणि फेणे डिटेक्टिव्ह. सायन्स फिक्शन कुठंय? ज्या भागवतांनी फेणे घडवला त्यांनीच ज्यूल व्हर्न मराठीत आणला, पोरांना 'चंद्रावर स्वारी' घडवली. जयंत नारळीकरांनी पहिली विज्ञानकथा १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळवलं. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर... पुस्तकांचं कपाट भरलेलं आहे. पडद्यावर मात्र 'फुंतरू'सारखा (२०१६) एखादा अपवाद. जो पीसी कधी चालूच केला नाही तो रीस्टार्ट काय करणार?

तुम्ही म्हणाल, चालतंय की, हॉलिवुडचं डब होऊन येतंच. येतं, आणि पार आमच्या अमडापूरपर्यंत येतं. चिखली-खामगाव रस्त्यावरचं बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव, बल्लाळदेवीचं. दिवाळीत गेले होते तेव्हा चुलतभाऊ मोबाइलवर हिंदीत डब झालेली माकडं बघत होता. नववीतलं पोरगं, सीझरचा अख्खा इतिहास त्याला तोंडपाठ. मध्येच मान वर करून म्हणाला, 'ताई, यायच्या सगळ्या उल्का अमेरिकेतच कायले पडतात वं? आपल्याकडं त लोणार हाये, खरंखुरं. त्याच्यावर कोनी पिक्चर काऊन नाई काढत?'

माझ्याकडे मास कम्युनिकेशनची डिग्री आहे, उत्तर नव्हतं.

कारण पोरगं शंभर टक्के बरोबर बोलत होतं. त्याच्याच जिल्ह्यात आकाशातून दगड पडून सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालंय, तेही बेसाल्टच्या काळ्या खडकात, जे जगात दुर्मीळ आहे. आत खारं, अल्कधर्मी पाणी. जून २०२०मध्ये, ऐन लॉकडाउनमध्ये, ते पाणी अचानक गुलाबी झालं! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली तेव्हा मिठात वाढणारे सूक्ष्मजीव त्यामागे निघाले. जग विषाणूने बंद पडलेलं आणि इकडे उल्केच्या खड्ड्यातलं तळं रंग बदलतंय. हा सीन कुणी लिहून दिला असता तर प्रोड्यूसर म्हणाला असता, 'जरा जास्तच होतंय हो.'

बजेट नाही, हे नेहमीचं उत्तर ठेवणीतलं आहे. पण गोष्ट आधी कागदावर लागते आणि ती आपल्याकडे पडून आहे. नारळीकरांची 'वामन परत न आला' काढून बघा. जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन ठेव्यातल्या ज्ञानातून माणूस एक बुद्धिमान यंत्रमानव घडवतो, वामन. पुराणातला बटू तीन पावलांत सगळं व्यापून बसला होता. हा वामन किती पावलं मागेल? १९८०च्या दशकात हे कल्पनारंजन वाटलं असेल. आज आपल्या शेजारच्या क्युबिकलमध्ये ईमेल कोण लिहितंय, माणूस की चॅटबॉट, हे ओळखता येत नाही. 'पुढच्या अप्रेझलपर्यंत आपण असू ना?' हा प्रश्न कँटीनमध्ये हळू आवाजात विचारला जातोय. नारळीकर २० मे २०२५ला गेले, पण त्यांचा वामन आत्ता कुठे वयात येतोय.

म्हणून मुद्दा फक्त मनोरंजनाचा नाही. भविष्याची गोष्ट ज्या भाषेत सांगितली जाते, त्या भाषेतली पोरं त्या भविष्यात स्वतःला बघतात. बाकीच्यांच्या वाट्याला खुर्ची येते आणि पॉपकॉर्न. छत्रपतींवर, संतांवर सिनेमे काढून आपण भूतकाळ कितीदा तरी नव्याने सांगितला, आणि आवडीने बघितला. आता एक तिकीट उद्याचंही फाडू या की!

तेव्हा निर्मातेहो, कपाट उघडा. तळं तयार आहे, वामन तयार आहे, भीतीची तर सध्या रेलचेल आहे. आणि तुम्ही हो, सोमवारच्या डेडलाइनवाले! या वीकेंडला माकडं जरूर बघा, पण इंटर्व्हलमध्ये नारळीकरांची चार पानं वाचा. बूट व्हायला वेळ लागतो म्हणतात. पॉवरचं बटण तरी दाबू या!