शिखरावरून खाली: पराक्रम एव्हरेस्टचा, प्रश्न गुलमर्गचा

2025 च्या शरद ऋतूत एव्हरेस्टच्या दोन बाजूंनी दोन माणसे स्कीवरून खाली उतरली. 22 सप्टेंबर रोजी पोलंडचा आंजेय बार्गेल कृत्रिम प्राणवायूविना शिखरावर पोहोचला, तेथेच पायांत स्की चढवल्या आणि नेपाळच्या बाजूने निघाला. अंधार पडल्याने त्याने दुसऱ्या छावणीत रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी खुंबूच्या हिमप्रपातातून वाट काढत तळ गाठला. प्राणवायूच्या नळकांड्यांविना शिखर गाठून तेथून तळापर्यंत स्कीवर येणारा तो पहिलाच. महिना उलटण्यापूर्वीच, 15 ऑक्टोबरला, अमेरिकेचा जिम मॉरिसन तिबेटच्या बाजूच्या उत्तर भिंतीवरून हॉर्नबाइन घळीतून उतरला. सह्याद्रीत भटकणारे ज्याला नाळ किंवा नळी म्हणतात, तसाच हा कड्यांमधला अरुंद, खडा चर. फरक इतकाच, की तो आठ हजार मीटरच्या पलीकडे आहे आणि बर्फाने भरलेला आहे. 2002 च्या सप्टेंबरात मार्को सिफ्रेदी हा तेवीस वर्षांचा फ्रेंच तरुण याच घळीकडे स्नोबोर्डवरून निघाला आणि कायमचा दिसेनासा झाला. आदल्याच वर्षी तो नॉर्टन घळीतून एव्हरेस्ट उतरला होता.

अशा बातम्यांवर आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, ‘केवढे हे धाडस’. दुसरी, ‘हा कसला जीवघेणा हट्ट’. दोन्हींत या खेळाचे मर्म निसटते. बार्गेलचा हा एव्हरेस्टवरचा पहिला प्रयत्न नव्हता. 2019 मध्ये हिमप्रपाताच्या डोक्यावर लोंबकळणारा प्रचंड हिमकडा पाहून तो मागे फिरला, 2022 मध्ये वाऱ्यामुळे. के-टू शिखरावरून 2018 साली तो उतरला, तेही 2017 मध्ये परिस्थिती पाहून माघार घेतल्यानंतर. म्हणजे ज्याला जग बेधडक समजते, त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग नकाराचा आहे. हा नकार देण्याचे शहाणपण पर्वतावरच, वर्षानुवर्षे घासून मिळते आणि एव्हरेस्टची उंची ते शहाणपण नसलेल्यांना बहुधा स्कीपर्यंत पोहोचूच देत नाही.

या पराक्रमांचा हिशेब मात्र एकट्याच्या नावावर मांडला जातो, हे खटकते. 1970 मध्ये जपानचा युइचिरो मिउरा पाठीला हवाई छत्री बांधून साउथ कोलवरून घसरत सुटला, कोसळला आणि नशिबाने वाचला. त्या मोहिमेवरील माहितीपटाला ऑस्कर मिळाले. त्याच मोहिमेत खुंबूच्या हिमप्रपातात सहा शेर्पा दगावले होते, हे किती जणांच्या स्मरणात आहे? 26 सप्टेंबर 2022 रोजी मनास्लूच्या शिखराजवळून स्कीवर निघालेली विख्यात गिर्यारोहक हिलरी नेल्सन छोट्या हिमस्खलनाने ओढली जाऊन मृत्युमुखी पडली. ती मॉरिसनची जोडीदार. दोघे 2018 मध्ये ल्होत्सेवरून एकत्र उतरले होते. तिच्या मृत्यूने जग हळहळले. त्याच दिवशी त्याच पर्वतावर, खालच्या छावण्यांदरम्यान, हिमस्खलनात एक नेपाळी कामगारही गेला. त्याची बातमी दोन ओळींची होती.

आता भारताकडे वळू. तीव्र उतारांवर स्की करण्याच्या आधुनिक परंपरेचा आरंभ ज्याच्या नावाने सांगितला जातो, तो स्विस सिल्वां सोदां 1977 मध्ये 7,135 मीटर उंचीच्या नून शिखरावरून उतरला होता. पुढे हेलिकॉप्टरने स्कीपटूंना काश्मीरच्या शिखरांवर सोडण्याचा व्यवसायही त्याने चालविला. आज मात्र हेलिकॉप्टरची गरज उरलेली नाही. गुलमर्गच्या गंडोल्याचा दुसरा टप्पा 2005 मध्ये सुरू झाला आणि अफरवाटच्या खांद्यावर, सुमारे 3,950 मीटर उंचीवर, तिकीट काढून जाता येऊ लागले. वरच्या स्थानकाजवळच्या मधल्या उतारावर गस्ती पथकाची नजर असते. त्याच्या डावी-उजवीकडे पसरलेल्या दऱ्या आणि घळी मात्र ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर. एव्हरेस्टवर जी गाळणी उंची आणि थकवा करतो, ती येथे यंत्राने काढून टाकली आहे. तिच्या जागी काय ठेवले, हा खरा प्रश्न.

1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवाटच्या हापतखुड भागात हिमस्खलन झाले. दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. एकोणीस परदेशींना वाचविण्यात यश आले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी, खाली ‘खेलो इंडिया’च्या हिवाळी स्पर्धा चालू असताना, वर एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. त्या वर्षीचा जानेवारी गुलमर्गने जवळजवळ बर्फाविना काढला होता आणि फेब्रुवारीत एकाएकी भरभरून हिमवर्षाव झाला होता.

समुद्राकाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना बर्फ म्हणजे एकसंध पांढरे आवरण वाटते. प्रत्यक्षात तो थरांचा बनतो. दीर्घ कोरड्या थंडीत पातळ थरातील कण साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नव्या बर्फाचे जड आवरण पडले की खालचा थर भार सोसेनासा होतो आणि एका माणसाच्या वजनाने सबंध पापुद्रा तडकून निसटतो. असे पापुद्रे बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून फारच खड्या घळीत बर्फ साचण्यापूर्वीच झरून जातो. तेथे भय पाय निसटण्याचे, कारण पडणारा थांबत नाही. म्हणजे छायाचित्रांत थरकाप उडविणाऱ्या भिंतीपेक्षा, मध्यम स्कीपटूला मोहात पाडणारा रुंद, स्वच्छ उतार पुष्कळदा अधिक घातक असतो. प्राणघातक घटनांत बर्फ बहुतेक वेळा बळीनेच किंवा त्याच्या सोबत्याने सोडविलेला असतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची आशा मोठी. अर्ध्या तासात ती झपाट्याने ओसरते. इतक्या वेळात खालून पथक पोहोचणे अवघडच. वाचवू शकतात ते सोबतचेच, आणि तेही प्रत्येकाकडे शोधसंकेत देणारा ट्रान्सीव्हर, बर्फ चाचपण्याची सळई आणि फावडे असेल तर.

दावोसची स्विस संस्था हिवाळ्यात दिवसातून दोनदा हिमस्खलनाचे इशारे प्रसिद्ध करते. कोणत्या दिशेचे उतार, किती उंचीपासून वर, कोणता थर नाजूक, हे त्यात असते. आपल्याकडे चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था, डीजीआरई, इशारे देते. बातम्यांतून लोकांपर्यंत पोहोचते ते मात्र अमुक जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर मध्यम धोका, एवढेच. मुळात सैन्याच्या गरजेतून उभी राहिलेली ही यंत्रणा. रस्ते बंद करायला ते पुरते. अफरवाटच्या कोणत्या घळीत आज उतरू नये, हे त्यातून कळत नाही. ते कळते स्थानिक मार्गदर्शकाला, आणि त्याला परदेशी पाहुण्यासमोर ‘आज नको’ म्हणायचे तर दिवसाची मजुरी बुडते.

गंडोला सरकारी मालकीचा आहे. वरच्या टप्प्याच्या फाटकावर, स्की घेऊन निघालेल्याचा ट्रान्सीव्हर चालू आहे की नाही हे तपासायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. त्या दिवशीच्या धोक्याचा अंक फलकावर, हिंदीत, इंग्रजीत आणि रशियनमध्ये, लावायला तर त्याहूनही कमी. नकार देणाऱ्या मार्गदर्शकाची त्या दिवसाची मजुरी पर्यटन खात्याने भरून द्यायची की नाही, यावर मात्र वाद होईल. तो वाद पुढच्या हिमवर्षावाआधी श्रीनगरमध्ये व्हायला हवा.