भजनाला बसायचं तर माईक बाजूला ठेवा

भजनी मंडळ नाही अशी वस्ती नागपुरात शोधावी लागेल. तरी महालापासून मानेवाड्यापर्यंत एकच रडगाणं ऐकू येतं: आता भजनाला माणसं बसत नाहीत. माणसं आहेत हो. त्यांना तिथं करण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून ती येत नाहीत.

याचा पहिला गुन्हेगार माईक. तो ज्याच्या हातात असतो तो गातो, बाकीचे श्रोते होतात आणि श्रोत्यांना नऊ वाजता घर आठवतं. बैठकीच्या खोलीत पंधरा माणसं असताना स्पीकर कशाला लागतो? रहिवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि दहानंतर उघड्यावर भोंगा वाजवायला कायद्यानंच बंदी आहे, हे निमित्त शेजारी सांगण्याआधी आपणच वापरावं. माईक गेला की रांगा मोडा आणि गोल बसा. समोरच्याचा टाळ डोळ्यांना दिसला की लय आपोआप धरली जाते.

दुसरी गोष्ट पट्टीची. बुवांचा गळा वर फुलतो म्हणून पेटी वर लावायची, तर झील धरणाऱ्या काकूंची फरपट होते. पट्टी झीलकऱ्यांना विचारून ठरवा. मागून साथच आली नाही, तर बुवांच्या वरच्या षड्जाचं कौतुक कोणी करायचं? लयीचंही तसंच. उत्साहात ठेका पळतो, आणि मग शेवटची दुगण रंगायला जागाच राहत नाही. सुरुवात संथ ठेवा. कंटाळवाणं वाटेल इतकी संथ ठेवलीत तरी चालेल.

आता खंजिरी. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ती विदर्भाच्या हाती अशी दिली की प्रत्येकाला ती वाजवायची असते. पण त्यांच्या भजनांतलं खरं मर्म कवायतीत नव्हतं. साधे शब्द आणि पुन्हा पुन्हा येणारं ध्रुपद, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणारा शेतकरीही दुसऱ्या फेरीला गाऊ लागे. १९४२ मध्ये इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. नुसत्या खंजिरीला कोणी घाबरत नाही, तिच्यामागून गाणाऱ्या गावाला घाबरतात. तेव्हा बैठकीत खंजिरी एकच, फार तर दोन. बाकीच्यांनी टाळ्या द्याव्यात.

हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. आयर्लंडमध्ये संध्याकाळी पबमध्ये लोक फिडल, बासरी घेऊन एका टेबलाभोवती बसतात आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चाली एकमेकांत गुंफून वाजवतात. तिथं ना मंच, ना तिकीट. त्यांच्याकडे बाउरान नावाचा एका बाजूनं चामडं लावलेला डफ असतो, आपल्या खंजिरीचा मोठा भाऊच म्हणा. त्याच्या हौशी वादकांवर तिकडं यथेच्छ विनोद होतात. जाणता वादक दुसरा बाउरान आधीच चालू असेल तर आपला मांडीवरच ठेवतो. नवखा असेल तर आधी दोन-तीन चाली नुसता ऐकत बसतो. हे मला फार आवडतं.

आपल्याकडे नवखा आला की त्याला भिंतीशी बसवतात. तसं करू नका. त्याच्या हाती टाळ द्या, पण पक्क्या टाळकऱ्याच्या बाजूला बसवा, म्हणजे चुकला तरी सावरला जाईल. पोरांचंही असंच. सगळ्यांना येतो असा अभंग प्रत्येक बैठकीत एक तरी घ्या, आणि अभंग सुरू करायचा मान फिरता ठेवा. कोपऱ्यातल्या आजींना एखादी गौळण अशी येत असते, की ती मंडळात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. त्यांना मध्येच दुरुस्त करायला मात्र जाऊ नका. चाल वेगळी असेल, तर तीच शिकून घ्या.

आणि मोबाइलवर चित्रण करणाऱ्याला चहाच्या तयारीला धाडा. त्याचे हात मोकळे होतील, नि भैरवीला तो गोलात येऊन बसेल.