जुनं ते सोनं? पण खाण कुणाची?

अमेरिकेत कंट्री गाण्यांचं एक रडगाणं वर्षानुवर्षं चालू आहे. जुने गायक खरे, आताचे सगळे दुकानदार. हँक विल्यम्स खरा, जॉनी कॅश खरा, लोरेटा लिन खरी. आताची पोरं म्हंजे कडक इस्त्रीची जीन, चकाचक पिकअप गाडी, डोक्यावर हॅट आणि गळ्यात कंपनीचा पट्टा. या रडगाण्यात अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं हे अख्ख्या खोट्यापेक्षा वाईट. अख्खं खोटं पकडता येतं, अर्धं खरं सोवळं नेसून देवघरात जाऊन बसतं. म्हणून हा स्टेन्सिल खराब करतोय.

कुणी म्हणेल, आपले शंभर प्रश्न उघडे पडलेत आणि तुम्ही गोऱ्यांच्या गाण्यांवर काय लिहीत बसलाय? सांगतो. १८७३ साली जोतीबांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या माणसांना. १९४६ साली बाबासाहेबांनी तिथल्या ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली आपण पँथर हे नाव घेतलं ते ओकलंडच्या काळ्या पोरांकडून. तेव्हा त्या देशात काळ्या माणसाचं काय काय लुटलं गेलं, हा हिशोब आपल्याही वहीतला आहे. जमीन लुटली, श्रम लुटले, हे आपल्याला पाठ आहे. गाणं कसं लुटलं ते ऐका.

आधी खरं अर्ध.

लोरेटा लिन केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची पोरगी. १९७५ साली तिनं संततिनियमनाच्या गोळीवर गाणं काढलं. पोरं किती आणि कधी, हे बाई ठरवणार, असं उघड उघड. कित्येक रेडिओ स्टेशनांनी ते लावलं नाही. तरी ते गाजलं. मर्ल हॅगर्ड १९३७ साली जन्मला तो मालगाडीच्या डब्याचं घर केलं होतं त्यात. पुढं सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात गेला. तिथं जॉनी कॅश गायला आला तेव्हा हा कैद्यांत बसून ऐकत होता. आणि कॅश स्वतः? आर्कान्सामध्ये कापूस वेचत वाढलेला. १९६४ साली त्यानं अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या लुबाडणुकीवर अख्खी तबकडी काढली. रेडिओवाल्यांनी तोंड फिरवलं. तेव्हा ह्या गड्यानं ‘बिलबोर्ड’ या धंद्याच्याच साप्ताहिकात पानभर जाहिरात देऊन रेडिओवाल्यांना विचारलं, तुमच्यात दम आहे की नाही? १९६८ साली फॉल्समच्या तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर गायला. ती तबकडी आजही वाजते.

ही माणसं मोठी होती. ते नाकारायचं कारण नाही. त्यांच्या गळ्यात खाण होती, रान होतं, कोठडी होती.

आता आजचा बाजार बघा. १९९६ साली अमेरिकेत नवा दूरसंचार कायदा आला. एका कंपनीनं देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यायची याला जी मर्यादा होती ती उडाली. क्लिअर चॅनल नावाच्या एका कंपनीकडं बाराशेच्या आसपास स्टेशनं गेली. पूर्वी एका स्टेशनानं नाकारलं तर शेजारच्या गावचं लावायचं. आता सगळ्या गावांचा मालक एकच. २००३ साली डिक्सी चिक्स या बायकांच्या बँडमधल्या एकीनं लंडनच्या कार्यक्रमात बुशविरुद्ध, इराकवरच्या चढाईविरुद्ध एक वाक्य उच्चारलं. झालं! क्युम्युलस नावाच्या कंपनीनं आपल्या साऱ्या कंट्री स्टेशनांवरून त्यांना महिनाभर काढून टाकलं. लुइझियानात लोकांनी त्यांच्या तबकड्या रस्त्यावर टाकून ट्रॅक्टरखाली चिरडल्या. २०१५ साली रेडिओच्या एका सल्लागारानं स्टेशनवाल्यांना जाहीर सल्ला दिला, बायकांची गाणी लागोपाठ लावू नका. पुरुष गायक म्हंजे सॅलडचा पाला आणि बायका त्यातले टोमॅटो! हा त्यांचा हिशोब.

२०२३ साली जेसन आल्डीन नावाच्या ताऱ्यानं छोट्या गावाच्या नावानं दम देणारं गाणं काढलं. शहरात जी दंगामस्ती करता ती आमच्या गावात करून दाखवा, असा एकूण सूर. गायक स्वतः मेकन शहरात जन्मलेला. लाखाच्या वर वस्तीचं शहर ते. गाणंही त्यानं लिहिलेलं नाही, चार जणांनी लिहून दिलेलं. चित्रीकरण केलं टेनेसीतल्या कोलंबिया गावच्या कोर्टासमोर. याच कोर्टावर १९२७ साली हेन्री चोट या अठरा वर्षांच्या काळ्या पोराला जमावानं लटकवलं होतं. आरडाओरड झाल्यावर गायक म्हणाला, माझ्या मनात वंशाचं काही नव्हतं. नसेलही. पण ज्या भिंतीला फास लागला होता ती भिंत ज्याला नुसती देखावा म्हणून दिसते, त्याच्या मनात काय नव्हतं हेच तर आपल्याला कळलं! एका चॅनेलनं चित्रफीत काढून टाकली. गाणं देशात पहिल्या नंबरवर गेलं.

त्याआधी २०२१ साली मॉर्गन वॉलन काळ्या माणसांसाठीची सगळ्यात घाण शिवी देताना कॅमेऱ्यात सापडला. रेडिओनं काही दिवस बाहेर ठेवला. त्याच्या गाण्यांची विक्री मात्र वाढली. शिवी खपली, मित्रांनो!

इथं रडगाणंवाला टाळी वाजवील. म्हणेल, बघा, हेच तर म्हणतो आम्ही. जुन्या काळी असं नव्हतं.

असंच होतं, भल्या माणसा. तुझ्या वहीतलं एक पान फाडलेलं आहे. ते आता वाचू.

ज्या बँजोवाचून हे गाणं उभं राहिलं नसतं, तो बँजो मुळात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचं वाद्य. १९२० नंतर तबकड्यांच्या कंपन्यांनी दक्षिणेत धंदा मांडला. तिथं काळे नि गोरे गरीब एकमेकांची गाणी ऐकत, वाजवत. रान, रेल्वे, गिरण्या, सगळीकडं सुरांची देवघेव होती. कंपन्यांनी त्यात वेस घातली. काळ्यानं गायलं तर ‘रेस रेकॉर्ड’, गोऱ्यानं गायलं तर ‘हिलबिली’. गाणं तेच, कपाटं दोन. १९४९ साली बिलबोर्डनं नावं सुधारली. एका कपाटावर ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘कंट्री अँड वेस्टर्न’. पाटी बदलली, वेस तशीच. पाटी बदलून वेस राखायची कला आपल्याला नवी नाही.

आता वेशीबाहेरच्यांची हजेरी घेतो.

रुफस पेन. अलाबामात रस्त्यावर वाजवणारा काळा माणूस. त्यानं हँक विल्यम्सला पोरवयात गिटार शिकवली. हँक २९ व्या वर्षी, १ जानेवारी १९५३ ला मेला आणि दंतकथा झाला. रुफस पेन १९३९ साली माँटगमरीत मेला. त्याची कबर नेमकी कुठली, हे आज कुणाला सांगता येत नाही.

लेस्ली रिडल. सिमेंटच्या कारखान्यात पाय गेलेला. कार्टर कुटुंबाचा कर्ता ए. पी. कार्टर डोंगराडोंगरांतून गाणी गोळा करत हिंडायचा तेव्हा हा सोबत. कार्टर शब्द लिहून घ्यायचा, चाल रिडलच्या डोक्यात. मेबेल कार्टर त्याचं बघून वाजवायला शिकली. हक्काच्या कागदावर नाव कार्टरचं.

आर्नल्ड शुल्ट्झ. केंटकीतला काळा खाणकामगार. अंगठ्यानं वाजवायची त्याची लकब हातोहात मर्ल ट्रॅव्हिसपर्यंत गेली. ब्लूग्रासचा बाप म्हणवणाऱ्या बिल मन्रोनंही त्याचं ऋण मान्य केलं. शुल्ट्झ १९३१ साली मेला. त्याची एकही तबकडी नाही.

आणि डीफोर्ड बेली. लहानपणी पोलिओ झालेला, अंगानं इवलासा, पण माउथऑर्गन ओठाला लावला की खोलीत आगगाडी शिरायची. नॅशविलच्या डब्ल्यूएसएम या रेडिओ स्टेशनचा तो पहिल्या फळीचा कलावंत. १९२७ साली त्यानं आगगाडीचा तुकडा वाजवला त्या रात्री निवेदकानं कार्यक्रमाला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव दिलं. आज जे कंट्रीचं काशी-पंढरपूर समजलं जातं, त्याच्या बारशाला काळा माणूस वाजवत होता! गोऱ्या गायकांबरोबर दौऱ्यावर जायचा. लोक त्याला ऐकायला यायचे. पण त्यांच्या हॉटेलात उतरायचं नाही, त्यांच्या टेबलावर जेवायचं नाही. १९४१ साली त्याला काढून टाकलं. पुढं नॅशविलमध्येच त्यानं बूटपॉलिशच्या दुकानावर पोट भरलं. ज्या गावाला त्यानं आगगाडी ऐकवली त्या गावाचे बूट! १९८२ साली मेला. २००५ साली कंट्री संगीताच्या मानकरी-दालनात त्याचं नाव लावलं. मेल्यावर २३ वर्षांनी. मेलेला माणूस पगार मागत नाही, ही त्यात सोय.

आणि हे डब्ल्यूएसएम तरी कुणाचं? एका विमा कंपनीचं. विमा खपवायला स्टेशन काढलेलं. तेव्हा ‘पूर्वी धंदा नव्हता, नुसतं काळीज होतं’ हे बंद करा. धंदा पहिल्या दिवसापासून होता.

जुन्या खऱ्या गायकांनाही ही वेस शिवून गेली. कॅश ज्या डायसच्या वसाहतीत वाढला ती सरकारनं कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी वसवलेली, पण फक्त गोऱ्यांसाठी. हॅगर्डनं गोऱ्या-काळीच्या प्रेमावर गाणं लिहिलं होतं. कंपनीनं ते दाबून ठेवलं आणि आधी झेंडेवाली गाणी बाजारात आणली. हॅगर्डची कोठडी विकायला चालत होती. त्याचं ते प्रेम चालत नव्हतं.

मग चार्ली प्राइड? तो तर काळा असून तारा झाला. झाला ना. मिसिसिपीच्या कापसातून आलेला, तोलामोलाचा गायक. १९७१ साली धंद्यातला सगळ्यात मोठा मान मिळाला. पण १९६६ साली त्याची पहिली तबकडी कंपनीनं रेडिओवाल्यांना धाडली ती फोटो न लावता. आधी आवाज घ्या, कातडी नंतर बघा. आडनाव लपवून खोली भाड्यानं घेतलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आणि लिंडा मार्टेल? १९६९ साली ऑप्रीवर एकटीनं गाणारी पहिली काळी बाई. तिच्या कंपनीचं नाव काय होतं माहीत आहे? प्लँटेशन रेकॉर्ड्स. मळा! ज्या मळ्यावर तिचे वाडवडील राबले त्याच नावाखाली तिनं गायचं. थोड्याच वर्षांत धंद्यानं तिला बाहेर टाकलं. पुढं शाळेची बस चालवून जगली.

म्हणून सांगतो, जुनं विरुद्ध नवं हे भांडणच मालकानं लावून दिलेलं आहे. त्यात वेस दिसत नाही. आजचे तारे जुन्या परंपरेतून घसरलेले नाहीत, ते तिच्यातूनच पिकलेत. शंभर वर्षांपूर्वी गाण्याच्या दारावर कातडी बघणारा रखवालदार बसवला, तो अजून बसलाय. २०१९ साली लिल नॅस एक्स या काळ्या पोराचं गाणं बिलबोर्डनं कंट्रीच्या यादीतून काढलं. म्हणे, यात कंट्रीचे गुण पुरेसे नाहीत. तेच गाणं मग देशाच्या मोठ्या यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. २०२४ साली बियॉन्सेनं ‘काउबॉय कार्टर’ काढली. नॅशविलच्या कंट्री संघटनेनं त्या वर्षी तिला एकाही बक्षिसासाठी नाव दिलं नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ग्रॅमीनं तिलाच सर्वोत्तम कंट्री अल्बमचं बक्षीस दिलं.

आता आपली पोरं नाचतील. जिंकलो! जरा थांबा. बियॉन्से अब्जाची मालकीण आहे. तिनं दरवाजा लाथेनं उघडला, मानतो. त्या तबकडीवर म्हाताऱ्या लिंडा मार्टेलला सन्मानानं बोलावलं, तेही मानतो. पण एक चेहरा आत गेला म्हंजे वेस पडली असं नसतं. आपला एक माणूस मंत्री झाला की गावचा पाणवठा खुला होत नाही, हे आपण बघत आलोय. गाणं जुनं की नवं, गाणारा काळा की गोरा, एवढ्यावर थांबू नका. विचारा: घाम कुणाचा? कागदावर नाव कुणाचं? पैसा कुणाच्या खिशात? आणि दाराबाहेर कोण उभं आहे?

मग करायचं काय? तिथलीच एक गोष्ट सांगतो. २००५ च्या सुमारास रियानन गिडन्स आणि तिचे दोन काळे साथीदार नॉर्थ कॅरोलिनात जो टॉम्प्सन नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या काळ्या फिडलवाल्याच्या घरी जाऊ लागले. त्याच्या घराण्यात ही चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पोरं समोर बसली, शिकली, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव घेऊन वाजवत गेली. त्यांनी कुणाकडं अस्सलपणाचा दाखला मागितला नाही. म्हातारा २०१२ साली गेला, पण चाल पोरांच्या हातात ठेवून गेला. बियॉन्सेच्या तबकडीवर जो बँजो वाजतो तो याच गिडन्सचा.

तर दोस्तहो, आपल्याकडं जलसे होते, शाहीर होते. वामनदादांचं नाव आपल्याला ठाऊक आहे. पण वामनदादांच्या मागं ढोलकीवर कोण होतं? आपल्या वस्तीत चौदा एप्रिलला जी गाणी भोंग्यावर लागतात त्यातलं प्रत्येक कुणी लिहिलं, चाल कुणाची, सांगता येईल? येत नसेल तर आपल्याही हजेरीत रुफस पेन आहेत, आणि त्यांच्या कबरीवर आपणच माती लोटतोय. कंपनीला शिव्या देणं सोपं आहे. येत्या रविवारी वही घ्या, टेपिंग करायला मोबाइल घ्या, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकाच्या, गाणाऱ्या आजीच्या दारात जा. नाव लिहा, गाव लिहा, साल लिहा, गुरू कोण ते लिहा. मालकाच्या कागदावर आपलं नाव नसेल तर आपला कागद आपण तयार करू.

जय भीम.