लांब पल्ल्याची सायकल

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. गाव १६ किलोमीटर, सकाळची एस.टी. चुकली की दोन तास बुडतात. यंदा वडिलांनी सोयाबीनच्या पैशांतून विजेची सायकल घ्यायचे ठरविले. दुकानदाराने जाड टायरांची पुढे केली. वडील हरखले. मला पटेना. रस्ता डांबरी असताना वाळूचिखलाची चाके हवीत कशाला? ती उगाच बॅटरी खातात. माझे मत असे, की दुकानदाराला पल्ला विचारू नये, वॅट-तास विचारावेत. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास म्हणजे ३६०. चार्जिंगला अर्धे युनिटही लागत नाही! बारीक टायर आणि पायांची साथ असली की तेवढ्यात जाऊन-येऊन ३२ किलोमीटर होतात. पुढल्या वर्षी बहीण अकरावीला येईल. कॅरिअर मजबूत हवे, हे मी दुकानदाराला दोनदा बजावले.