माऊस कुणाच्या हातात?

शाळेत संगणक आले, की सगळी मुलं बरोबरीला आली असं म्हणायची घाई होते. समाजशास्त्रात पीएचडी करताना मला वेगळाच प्रश्न पडतो. एका संगणकापुढं चार मुलं बसवली, तर माऊस कुणाच्या हातात जातो?

नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात अडणाऱ्या मुलांना शाळेच्या कागदावर 'अप्रगत' म्हणतात आणि वर्गात 'ढ'. घरात शिकवणारं कुणी नाही, क्लासला पैसे नाहीत, प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप. अशा मुलांना संगणकाची मदत होऊ शकते, हे मी नाकारत नाही. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाचे प्रयोग मोफत आहेत, आणि त्यातले अनेक मराठीतही आहेत. दोन सारखे बल्ब एकसर जोडा. बरीच मुलं म्हणतात, पहिला बल्ब थोडी वीज 'खातो', म्हणून दुसरा मंद पेटेल. पडद्यावरचा ॲमीटर मात्र दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवतो. मग वाद सुरू होतो, की असं का? खरं शिकणं त्या वादात होतं.

पण वाद घालायचा हक्क कुणाला? स्टॅनफर्डच्या समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांनी दाखवून दिलं, की गटात ज्याला सगळे हुशार मानतात तोच जास्त बोलतो, आणि जास्त बोलतो म्हणून जास्त शिकतो. आपल्याकडे हुशार कोण, हे ठरवताना आडनाव आणि वस्ती आधी पाहिली जाते. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी बाबासाहेबांना फळ्याकडे बोलावलं, तेव्हा फळ्यामागचे डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी ओरडा केला होता. आज डबे लागत नाहीत. "तू राहू दे, तुला जमणार नाही," एवढं म्हटलं की पुरतं.

म्हणून गट करताना नियम हवेत. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली आणि तणाव वाढला. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी 'जिगसॉ' पद्धत आणली. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एकच द्यायचा, आणि तो त्यानं इतरांना शिकवायचा. एकाला गप्प बसवलं, तर सगळ्यांचाच धडा अपुरा राहतो.

हे आपल्यालाही जमेल. एकाकडे विद्युतधारा, दुसरीकडे विभवांतर, तिसऱ्याकडे रोध. प्रयोगाआधी प्रत्येकानं आपला अंदाज वहीत लिहायचा. दर प्रयोगाला माऊस बदलायचा. गटातर्फे कोण उत्तर देणार, हे शिक्षकानं ऐनवेळी ठरवायचं.

आपण पहिल्या पिढीचे पदवीधर. विज्ञान शाखेच्या दारातून परत फिरलेले मित्र-मैत्रिणी आपल्या प्रत्येकाला माहीत आहेत. वस्तीतल्या अभ्यासिकेत एक जुना लॅपटॉप घेऊन जा. फेटचे प्रयोग एकदा डाउनलोड केले, की इंटरनेटशिवाय चालतात. आणि पहिल्याच दिवशी, मागं बसलेल्या मुलीच्या हातात माऊस द्या.